मैत्रीतून प्रेम (शोककथेतलं कथासूत्र)

मैत्रीतून प्रेम हे प्रेमकादंबरीतलं एक रूढ कथासूत्र आहे. दोघं आधीपासून मित्र असतात, मधे कुणीतरी जातं, त्या दुःखात एकमेकांना सांभाळता सांभाळता नातं कधी बदललं ते कळत नाही आणि कळल्यावरही कबूल करायला दोघंही भरपूर पानं घेतात. शेवट आशेचा लागतो. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका (स्थापना १९८०) या लेखकसंघटनेच्या व्याख्येत प्रेमकथा मध्यवर्ती असणं आणि शेवट समाधान देणारा, आशावादी असणं अशा दोनच अटी आहेत आणि हा प्रकार त्या दोन्ही पाळतो. पण शोकाच्या उपप्रकाराला आणखी एक न लिहिलेली अट आहे, ती म्हणजे गेलेलं माणूस दोघांच्याही जवळचं हवं. गावात नवा आलेला डॉक्टर विधवा नायिकेला सावरतो, ही वेगळी गोष्ट झाली. इथे सावरणाऱ्याचंही तेच माणूस गेलेलं असतं.

उगम. यावर अभ्यासकांत एकमत नाही. एक मत थेट ग्रीक गद्यकथांपर्यंत जातं. लाँगसची ‘डॅफ्निस आणि क्लोई’ (साधारण इ. स. दुसरं शतक मानतात, काही जण थोडं पुढे ओढतात) ही लेस्बोस बेटावर शेळ्या-मेंढ्या राखत एकत्र वाढलेल्या दोन मुलांची गोष्ट आहे आणि सोबत्याचं प्रेमात रूपांतर तिथे सविस्तर येतं. जाक आम्योच्या १५५९ च्या फ्रेंच भाषांतरानंतर ती युरोपभर वाचली गेली, त्यामुळे हे मत अगदीच हवेतलं नाही. पण त्यात शोक जवळपास नाहीच, आणि त्या दोघांना प्रेम म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. माहीत असून नाकारणं हा या सूत्राचा प्राण, तो तिथे सापडत नाही.

दुसरं मत पामेला रेजिस यांच्या २००३ च्या अभ्यासाच्या वाटेने जातं. त्यांनी प्रेमकादंबरीचे आठ आवश्यक घटक मांडले आणि इंग्रजी परंपरेची सुरुवात रिचर्डसनच्या ‘पामेला’पासून (१७४०) धरली. पण तिथे मालक आणि मोलकरीण आहेत, मैत्री कुठली! म्हणून मैत्रीच्या सूत्रासाठी लोक जेन ऑस्टिनच्या ‘एमा’कडे येतात (डिसेंबर १८१५, मुखपृष्ठावर १८१६). त्यातला नायक नाइटली एमापेक्षा सोळा वर्षांनी मोठा, घरचाच, त्याच्या भावाची बायको म्हणजे एमाची बहीण. नाचाच्या प्रसंगी आपण काही खरे बहीण-भाऊ नाही असं एमा म्हणते आणि तो फार घाईने दुजोरा देतो, तिथे वाचकाला सगळं कळतं. तो मित्र की पालक हा वाद मात्र अजून चालतो.

शोकाची बाजू ऑस्टिनच्याच ‘पर्स्वेजन’मध्ये (१८१७ अखेर, लेखिकेच्या मृत्यूनंतर) उलटीकडून येते. कॅप्टन बेनविकची वाग्दत्त वधू फॅनी वारलेली असते, तो कविता वाचत खंगत असतो आणि वर्ष व्हायच्या आत त्याचं दुसरीकडे जमतं. फॅनीचा भाऊ हार्विल हा बेनविकचा जिवलग मित्र. त्याच्या जागी ती असती तर त्याला इतक्या लवकर विसरली नसती, एवढंच तो म्हणतो. दुःखानंतरच्या प्रेमाकडे मृताचे नातेवाईक कसे बघतात, याची कादंबरीतली ही बहुधा सुरुवातीच्या नोंदींपैकी एक असावी.

संस्कृत परंपरा वेगळ्या वाटेने गेली. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त (सातवं शतक, उत्तरार्ध मुलाने पुरा केला) महाश्वेता पुंडरीकासाठी तप करत थांबते, पण तिच्या दुःखाचा शेवट गेलेला परत येण्यात होतो. दुसरं कुणी आयुष्यात येणं हा पर्यायच तिथे नाही.

कॉपरफील्ड. मैत्री, मृत्यू, शोक आणि मग प्रेम असे चारही टप्पे एका कथेत जोडलेलं ठळक उदाहरण म्हणून डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’लाच (मे १८४९ ते नोव्हेंबर १८५०, मासिक हप्त्यांत) पहिला मान देणं रास्त वाटतं. अ‍ॅग्नेस ही डेव्हिडची शाळेपासूनची मैत्रीण, तो तिला बहीण मानतो, प्रेमात पडतो आणि लग्न करतो ते डोराशी. डोरा आजारी पडते आणि ५३ व्या प्रकरणात जाते, तेव्हा तिच्या उशाशी डेव्हिड नसतोच, अ‍ॅग्नेस असते. तो खाली बसलेला आणि डोराचा लाडका कुत्रा जिप त्याच्या पायाशी येऊन मरतो, मग अ‍ॅग्नेस वरून येते, काही बोलत नाही, फक्त हात वर करते.

त्यानंतर तो तीन वर्षं परदेशात भटकतो. स्वित्झर्लंडमधल्या एका दरीत संध्याकाळी लांबून मेंढपाळांचं गाणं ऐकू येतं, तो गवतावर डोकं ठेवून रडतो, आणि डोरा गेल्यापासून आपण असं रडलोच नव्हतो हे तोच सांगतो. मग अ‍ॅग्नेसचं पत्र वाचतो. डिकन्सने हा भाग घाईत गुंडाळला अशी तक्रार असते, ती मला पटत नाही, इतकं नेमकं रडणं त्याने फार ठिकाणी लिहिलेलं नाही.

डोराला मारायचं हे डिकन्सचं आधीपासून ठरलेलं नव्हतं. ‘डोराचं अजून ठरत नाहीये, पण आज ठरवायलाच हवं’ अशा अर्थाचं त्याचं ७ मे १८५० चं वाक्य चरित्रकार जॉन फॉर्स्टरने दिलंय. बरोबर तेरा वर्षांपूर्वी याच तारखेला, ७ मे १८३७ ला, त्याची सतरा वर्षांची मेव्हणी मेरी होगार्थ वारली होती. योगायोग असेलही, त्यावर फार इमले बांधू नयेत. अ‍ॅग्नेसचा मूळ नमुना मेरी की १८४२ पासून घर सांभाळणारी दुसरी मेव्हणी जॉर्जिना, यावर दोन्हीकडून लिहिलं गेलंय. दोघींचं मिश्रण मानणं जास्त सुरक्षित. जॉर्ज ऑर्वेलने १९४० च्या निबंधात अ‍ॅग्नेसला ‘पाय नसलेली देवदूत’ म्हणून झोडपलंय, आणि तिला स्वतःचं दुःख जवळपास दिलेलंच नाही हा आक्षेप खोटा नाही.

कायदा. मेव्हणीचा विषय निघालाच आहे तर हे सांगायला हवं, कारण या सूत्राच्या चर्चेत हा भाग बहुतेक ठिकाणी सुटतो. मेलेल्या बायकोच्या बहिणीशी केलेलं लग्न इंग्लंडमध्ये १८३५ च्या कायद्याने पूर्ण रद्दबातल ठरवलं. त्याआधी ते कोर्टात आव्हान दिलं तरच मोडायचं. म्हणजे विधुराच्या घरात पोरं सांभाळणारी, त्याच्याइतकीच त्या मृत्यूने पोळलेली आणि त्याला सगळ्यात जवळून ओळखणारी जी बाई असायची, तीच कायद्याने बाद. चित्रकार विल्यम होल्मन हंटची पहिली बायको फॅनी १८६६ मध्ये फ्लॉरेन्सला वारली आणि तिची बहीण ईडिथशी लग्न करायला त्याला १८७५ मध्ये स्वित्झर्लंडमधलं नशातेल गाठावं लागलं. बंदी उठली १९०७ मध्ये, आणि मेलेल्या नवऱ्याच्या भावाशी लग्नाची वाट मोकळी व्हायला १९२१ उजाडलं. ‘बहिणीसारखी’ मैत्रीण ही व्हिक्टोरियन कादंबरीला इतकी सोयीची का वाटली, याचं एक कारण इथे असावं असं वाटतं. आपल्याकडे मेव्हणीशी लग्न लावणं रूढीला धरूनच होतं, त्यामुळे मराठी वाचकाला ही अडचण चटकन जाणवत नाही.

अल्कॉट. लुईसा मे अल्कॉटच्या ‘लिटल विमेन’च्या दुसऱ्या भागात (१८६९) हेच सूत्र बहिणीच्या मृत्यूभोवती फिरतं. बेथ गेल्याची बातमी एमीला परदेशात कळते, शेजारचा जुना मित्र लॉरी तिला भेटायला स्वित्झर्लंडमधल्या व्हेवेला येतो (पुन्हा स्वित्झर्लंड!), आणि बेथ दोघांच्याही जवळची असल्यामुळे काही समजावून सांगावं लागत नाही. पुढे तळ्यात नाव वल्हवताना आपली जोडी किती छान वल्हवते असं एमी सहज म्हणते आणि मागणीचं काम तिथेच उरकतं. लेखिकेची बहीण लिझी १८५८ च्या मार्चमध्ये वारली होती, बेथ तिच्यावरूनच. एमीची मोठी बहीण जो आणि लॉरीचं लग्न लावा म्हणून वाचक मुलींची पत्रं यायची आणि कुणाला खूश करायला मी ते लावणार नाही असं अल्कॉटने १८६८ च्या रोजनिशीत लिहून ठेवलंय. मैत्रीतून प्रेम दाखवायचं, पण वाचकाला हव्या त्या जोडीत नाही, हा हट्ट तिथून पुढे फारसा कुणी केला नाही.

मानसशास्त्र. फ्रॉइडच्या ‘शोक आणि विषाद’ (१९१७) या निबंधानुसार शोक संपणं म्हणजे गेलेल्या माणसातून मन हळूहळू सोडवून घेणं आणि दुसरीकडे गुंतायला मोकळं होणं. कादंबऱ्यांवर या विचाराची छाप बराच काळ राहिली. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांचे पाच टप्पे (१९६९) लेखक सर्रास वापरतात, पण ते मुळात मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांवरून मांडलेले होते, मागे राहिलेल्यांवरून नव्हे. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन यांनी गेलेल्या माणसाशी नातं तुटत नाही, रूप बदलून चालू राहतं असं मांडलं. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांच्या मांडणीत (१९९९) माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांच्यात मागेपुढे होत राहतो. कादंबरीकाराला यातली शेवटची सगळ्यात उपयोगाची. एका प्रकरणात नायिका खळखळून हसते आणि पुढच्याच प्रकरणात कपाटातला शर्ट हातात घेऊन बसते, ही लेखकाची विसंगती नसते.

मृताची परवानगी. या प्रकारातली खरी गाठ समाजाची नसते, अपराधी वाटण्याची असते, आणि ती सोडवायला लेखक बहुतेक वेळा मृतालाच बोलायला लावतात. कॉपरफील्डमध्ये लग्नानंतर अ‍ॅग्नेस सांगते की मरताना डोराने तिच्याकडे एक शेवटचं मागणं मागितलं होतं, माझी रिकामी जागा तूच घे. ‘कुछ कुछ होता है’ (१९९८) मध्ये टीना मुलीसाठी आठ पत्रं मागे ठेवते आणि शेवटच्या पत्रात राहुल-अंजलीला एकत्र आणायचं काम त्या चिमुरडीवर सोपवते, युक्ती तीच, फक्त टपालखातं वाढलंय. आताच्या पुस्तकांत तेच काम व्हॉइस मेसेज नाहीतर अर्धी राहिलेली यादी करते. ही पळवाट आहे असं माझं मत, कारण परवानगी मिळाली की मागे राहिलेल्याला स्वतः काही ठरवावंच लागत नाही.

मराठीत. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’मध्ये (१८५७, विधवाविवाहाचा कायदा त्याच्या आदल्याच वर्षी झाला) विधवा यमुनेचं शेवटी पुन्हा लग्न होतं, पण कथेचा भर विधवांच्या हालांवर आणि धर्मावर, मैत्रीवर नाही. स्त्री-पुरुषांची मोकळी मैत्रीच नव्हती तर सूत्र येणार कुठून! प्रत्यक्षातही मैत्री पुरुषा-पुरुषांतून जायची. धोंडो केशव कर्वे यांची पहिली बायको राधाबाई १८९१ मध्ये वारली आणि १८९३ मध्ये त्यांनी लग्न केलं ते मित्र नरहरपंत जोशींच्या विधवा बहिणीशी, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी (पुढच्या आनंदीबाई, बाया कर्वे). फडक्यांच्या काळात कादंबरीतले तरुण-तरुणी भेटायला लागले, पण तिथे बघताक्षणीच्या प्रेमाला मान जास्त. आज प्रतिलिपीसारख्या अ‍ॅपवर क्रमशः चालणाऱ्या मराठी कथांत हे सूत्र दिसतं आणि त्यात बऱ्याचदा नायिकेचा मेलेला नवरा आधीच वाईट ठरवून टाकतात, म्हणजे शोकही नको आणि अपराधीपणही नको.