क्षार धरलाय की बुळबुळ चढलीय?

जालन्याकडच्या मोसंबीवाल्या शेतकऱ्याला हा फरक शिकवावा लागत नाही. ठिबक चोंदलं की तो ड्रिपर उघडून बोटानं चाचपतो. पांढरं, खरखरीत लागलं तर ॲसिड सोडायचं. बुळबुळीत लागलं तर क्लोरीन. दोन्ही एकत्र कधीच नाही, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

सांडपाण्याच्या एमबीआर प्रकल्पावर, म्हणजे जिथं जिवाणू सांडपाणी साफ करतात आणि बारीक पडदे ते गाळतात तिथं, मात्र इथंच गल्लत होते. तिथं टाकीत बुडवलेल्या मेम्ब्रेनची, म्हणजे त्या पडद्यांची, छिद्रं साधारण ०.०४ ते ०.४ मायक्रॉनची. पंप त्यातून पाणी ओढतो, गाळ आणि जिवाणू मागं राहतात. छिद्रं कशानंही बुजली तरी मीटर एकच गोष्ट दाखवतो: पाणी कमी, ताण (पाणी ओढायला लागणारा जोर) जास्त.

वाळूजच्या एका प्रकल्पावर आम्ही ही चूक केली. बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारच असणार, असं धरून सायट्रिक ॲसिडनं धुतलं. दोन दिवसांत ताण पुन्हा होता तिथं. शेवटी मेम्ब्रेन बाहेर काढून हात फिरवला, तर न घासलेल्या माठाच्या आत असतो तसा तपकिरी, बुळबुळीत थर. तोवर शुद्ध केलेलं पाणी बंद, आणि त्याच्या जागी टँकर. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा मुलखात सांडपाणी परत वापरात आणणारी टाकी बंद पडली की जीव तुटतो.

क्षाराचं सोपं आहे. गीझरच्या कॉइलवर धरतं तेच कॅल्शियम कार्बोनेट इथंही. निर्जीव असतं, ॲसिडमध्ये विरघळतं. सल्फेट आणि सिलिका तेवढी दाद देत नाहीत.

बुळबुळ मात्र जिवंत असते, आणि ती एकमेकांच्या सांगीवर वाढते. अनेक जिवाणू एएचएल नावाचे बारीक रेणू सतत बाहेर सोडतात. जिवाणू एकटादुकटा असेल तर ते पाण्यात विरून जातात. मेम्ब्रेनवर दाटी झाली की त्यांचं प्रमाण ठरावीक पातळी ओलांडतं, आणि सगळ्यांची वागणूक एकदम बदलते. त्यात चिकट साखरी आणि प्रथिनं सोडून थर बांधणंही आलं. ग्रामसभेत गणपूर्ती झाल्याशिवाय ठराव होत नाही, तसंच हे. म्हणूनच शास्त्रज्ञांनी याला १९९४ मध्ये ‘कोरम सेन्सिंग’ म्हटलं. फरक इतकाच की इथं डोकी कुणी मोजत नाही, रेणूंची दाटीच हजेरी लावते. समुद्रातल्या चमकणाऱ्या जिवाणूंमध्ये हा प्रकार १९७० मध्येच लक्षात आला होता.

एमबीआरमध्ये ताण बरेच दिवस हळूहळू चढतो आणि मग अचानक उसळतो. ती उसळी आणि थरातले एएचएल यांचा संबंध दक्षिण कोरियातल्या सेऊलच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवला.

मग हायपो, म्हणजे क्लोरीनचं द्रावण (सोडियम हायपोक्लोराइट), ओतून सगळे मारून का टाकू नयेत? मेम्ब्रेन धुताना हायपो वापरतातच. पण टाकीतलं सांडपाणी साफ करणारे कामकरी हेच जिवाणू आहेत. सरसकट मारले तर प्रकल्पच बसेल. शिवाय मेलेला थर जागेवर राहिला तर वाचलेले त्यावरच पुन्हा जम बसवतात, आणि वारंवार हायपो दिल्यानं मेम्ब्रेनचं आयुष्यही घटतं.

म्हणून मला सेऊलचाच दुसरा मार्ग जास्त पटतो: कुणाला मारायचं नाही, फक्त निरोप पोचू द्यायचा नाही. ऱ्होडोकॉकस जातीच्या जिवाणूंचा एक वाण एएचएल रेणूची कडी तोडणारं विकर बनवतो. त्याला जेलीसारख्या गोळ्यांत भरून टाकीत सोडलं की निरोप वाटेतच मोडतो आणि थर उशिरा धरतो. मात्र सगळे जिवाणू हीच भाषा बोलत नाहीत, त्यामुळे थर पूर्ण थांबत नाही. हे बहुतांशी प्रयोगशाळेत आणि पथदर्शी प्रकल्पांवर आजमावलेलं आहे. आपल्या ऑपरेटरच्या हाती आज हायपो आणि सायट्रिकच आहे.

तेव्हा ताण चढला की आधी नोंदवही उघडून चढण बघावी. अचानक उसळी असेल तर मला पहिला संशय बुळबुळीचा येतो. मग हातमोजा घालून मेम्ब्रेन चाचपावं. दोन्ही थर एकावर एक असतील तर आधी हायपो, मग साध्या पाण्यानं भरपूर धुणं, आणि त्यानंतरच सायट्रिक.