बिनसूर्याचे ग्रह : आकडा कसा चढला, कसा उतरला

जानेवारीत रात्री दहा-अकराला ठाण्यातून दक्षिणेला उंच पाहिलं, तर शहराच्या उजेडातही मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण दिसतो. त्यातल्या पूर्वेकडच्या ताऱ्याच्या किंचित खाली सिग्मा ओरायनिस आहे. तो पाहायला द्विनेत्री घ्यावी, नाहीतर शहराबाहेरच्या काळोखासाठी सरळ वांगणी गाठावी. त्याच्याभोवतीच्या तारकागुच्छात आणि शेजारच्या मृग तेजोमेघात २००० साली दोन वेगवेगळ्या गटांना ग्रहाएवढ्या वस्तुमानाचे, पण कोणत्याच ताऱ्याभोवती न फिरणारे गोल सापडले.

शोधासाठी मृगच निवडण्यामागे कारण होतं. असे गोल जन्मतः तापलेले असतात आणि पुढे निवतच जातात. तिथला गुच्छ जेमतेम काही दशलक्ष वर्षांचा, म्हणून ते अवरक्त प्रकाशात अजून दिसतात. गुरूच्या वस्तुमानाच्या सुमारे १३ पटींखाली ड्युटेरियमही, म्हणजे जड हायड्रोजनही, पेटत नाही. म्हणून ग्रहाएवढं म्हणायला हीच सीमा रूढ झाली. गोची एवढीच, की वस्तुमान इथे थेट मोजलेलं नसतं. तेज आणि वय यांवरून ते काढतात. वय चुकलं की वस्तुमान चुकतं, आणि गोल गुच्छातला नसून मधल्या अंतरावरचा निघाला तर सगळंच गणित कोसळतं. २००२ साली गुरूच्या तिप्पट म्हणून गाजलेल्या एस ओरी ७० या गोलाबद्दल पुढे हीच शंका निघाली.

दुसरी वाट मायक्रोलेन्सिंगची. अंधारा गोल दूरच्या ताऱ्यासमोरून गेला, की त्याचं गुरुत्व भिंगासारखं काम करतं आणि ताऱ्याचं तेज काही काळ वाढतं. हा काळ वस्तुमानाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो : सूर्याएवढ्या भिंगाला काही आठवडे, गुरूएवढ्याला साधारण दिवसभर, पृथ्वीएवढ्याला तासाभराच्या आसपास. न्यूझीलंडमधल्या मोआ गटाने २००६-०७ मधल्या अशा ४७४ घटना तपासल्या. दोन दिवसांहून छोट्या १० निघाल्या आणि २०११ मध्ये दावा आला, की दर ताऱ्यामागे गुरूएवढे असे जवळजवळ दोन एकटे गोल असावेत. दहा घटनांवर एवढा मोठा डोलारा! चिलीतून निरीक्षण करणाऱ्या ओगल गटाने २०१७ मध्ये २,६१७ घटनांवरून तो उतरवला : चार ताऱ्यांमागे फार तर एक गुरू. मात्र याच माहितीत काही तासांच्या, म्हणजे पृथ्वीसारख्या हलक्या गोलांच्या खुणा होत्या. २०२० मध्ये जाहीर झालेल्या एका घटनेचा काळ तर सुमारे ४२ मिनिटांचा होता.

इतकी छोटी घटना रात्रीतून एक-दोनदा फोटो घेऊन पकडता येत नाही. ताऱ्यावरची ज्वाळाही तशीच भासू शकते. शिवाय गोल खरोखर एकटा आहे, की त्याचा तारा फार लांब आहे, हे प्रकाशाच्या आलेखावरून कळत नाही. त्यासाठी भिंग आणि मागचा तारा एकमेकांपासून सरकेपर्यंत काही वर्षं थांबून त्या जागेचा बारकाईने फोटो घ्यावा लागतो.

२०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांतून मृग तेजोमेघात सुमारे ५४० उमेदवार आणि त्यांत ४० जोड्या असल्याचं मांडलं गेलं. धुळीने लालसर झालेले मागचे तारेच त्यांत बरेच असल्याचा आक्षेप पुढच्याच वर्षी आला. नासाच्या रोमन दुर्बिणीने आकाशगंगेच्या मध्याकडचे फोटो साधारण १२ मिनिटांनी घ्यायचे, अशी योजना आहे. तासाभराच्या घटनेलाही मग चार-पाच बिंदू मिळतील.