बेडसोर (पडून पडून कातडीला होणाऱ्या जखमा) म्हातारपणामुळे होतात? नाही हो

"अंथरुणाला खिळलं की बेडसोर होणारच, त्यात वृद्धाश्रमाचा काय दोष" हे सर्रास ऐकायला मिळतं, पण बहुतेक बेडसोर टाळता येतात. खरं कारण म्हणजे एकाच जागी तासन्‌तास पडणारा दाब, त्यात ओलं डायपर आणि कमी खाणं भर घालतं. म्हणून वृद्धाश्रमाची नीट तपासणी करणारा माणूस चकचकीत फरशीवर भुलत नाही, तो टाचा, माकडहाड, खुबा बघतो, वजनाचा चार्ट मागतो आणि कूस कधी बदलली त्याची नोंद बघतो (सगळी एकाच वेळी बसून भरलेली असेल तर कळतंच की). लाल डाग बोटाने दाबून फिका पडत नसेल तर सुरुवात झालीय समजा, सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही म्हणून तिथे गरम किंवा कडक लागतंय का चाचपायचं. आणि ती मधे भोकवाली रिंग उशी नकोच, कडेने दाब उलट वाढतो.