फ्लू झाला होता, मग न्यूमोनिया कुठून आला?

फ्लूच्या साथीत माणूस गेला की आपण म्हणतो फ्लूने गेला, पण बऱ्याचदा शेवटचा घाव न्यूमोनियाचा असतो, आणि यात नक्की दोषी कोण यावर डॉक्टर मंडळी चाळीसेक वर्षं घोळ घालत बसली होती.

सुरुवात १८९२ ची. जर्मनीत रिचर्ड फायफरला फ्लूच्या पेशंटच्या कफात एक बॅक्टेरिया सापडला आणि त्याने सांगून टाकलं, हाच फ्लूचा जंतू. तेव्हा व्हायरस दिसायची सोयच नव्हती, त्यामुळे लोकांनी मानलं. त्या बॅक्टेरियाला आजही हिमोफिलस इन्फ्लुएंझा म्हणतात, फ्लू त्याच्यामुळे होत नाही तरी!

मग आली १९१८ ची जगभर पसरलेली फ्लूची साथ. आपल्याकडे जूनमध्ये मुंबई बंदरावरचे पोलीस शिपाई आजारी पडले, पहिली लाट तशी सौम्य गेली, सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी मात्र भयंकर, ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू. गावाकडे हिलाच मानमोडी म्हणायचे. तिकडे युरोप-अमेरिकेत शवविच्छेदनं चालली होती, फुफ्फुसं पू आणि पाण्याने भरलेली, पण फायफरचा जंतू कुठे सापडायचा कुठे नाही, उलट न्यूमोकोकस, स्ट्रेप्टोकोकस हे दुसरेच बॅक्टेरिया भरपूर. तिथून फायफरच्या दाव्यावरचा विश्वास डळमळला.

उत्तराचा पहिला मोठा तुकडा मिळाला तो डुकरांमुळे. १९३१ मध्ये अमेरिकेत रिचर्ड शोपने दाखवलं की नुसता व्हायरस दिला तर डुकराला हलका आजार होतो, आणि व्हायरसच्या जोडीला फायफरच्या जंतूचाच भाऊबंद असलेला बॅक्टेरिया दिला की गंभीर. मला तर या सगळ्या इतिहासातला हाच प्रयोग सगळ्यात भारी वाटतो. १९३३ ला लंडनमध्ये माणसातला फ्लूचा व्हायरसही सापडला.

होतं काय, की श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर बारीक केस असतात, ते कफ आणि जंतू सतत वर ढकलत असतात. व्हायरस हे अस्तरच मारतो, झाडूवालाच संपावर गेल्यासारखं, मग एरवी नाकाघशात गप्प बसलेला न्यूमोकोकस खाली फुफ्फुसात उतरतो. म्हणून ताप उतरला, दोन दिवस बरं वाटलं आणि परत थंडी वाजून ताप, धाप, छातीत दुखणं असं सुरू झालं की डॉक्टर लगेच सावध होतात.

२००८ मध्ये मोरेन्स, टॉबेनबर्गर आणि फाउची (हो, कोविडच्या काळात गाजलेले अमेरिकी डॉक्टर तेच) या अमेरिकी संशोधकांनी १९१८ चे जपून ठेवलेले फुफ्फुसांचे नमुने पुन्हा तपासले, निष्कर्ष असा की बहुतेक मृत्यू बॅक्टेरियाच्या न्यूमोनियाचे.

पण म्हणजे अँटिबायोटिक आलं आणि प्रश्न मिटला असं नाही बरं का. १९५७ च्या एशियन फ्लूत पेनिसिलिन या अँटिबायोटिकला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस नावाचा बॅक्टेरिया होता, शिवाय काही जणांना थेट व्हायरसचाच न्यूमोनिया झाला, आणि तिथे अँटिबायोटिक चालतच नाही. २००९ ला स्वाइन फ्लूत हेच पुन्हा दिसलं, ऑगस्टमध्ये देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला तेव्हाची मास्कची पळापळ आठवत असेल. अमेरिकेत त्या साथीतल्या ७७ मृतांच्या फुफ्फुसांची तपासणी झाली, बॅक्टेरिया सापडला २२ जणांत.

लसी पण म्हणूनच दोन वेगळ्या. फ्लूची दरवर्षी घ्यायची, न्यूमोकोकसची निराळी. ती आपल्याकडे २०१७ पासून टप्प्याटप्प्याने बाळांना सरकारी लसीकरणात मिळायला लागली, आजी-आजोबांसाठी मात्र डॉक्टरांना आपणहून विचारावं लागतं.