वैमानिककक्षाची सुरक्षा व सशस्त्र वैमानिक

प्रवासी विमान उडत असताना त्याचे नियंत्रण परक्या माणसाच्या हाती जाऊ नये, यासाठी केलेली रचना, नियम व कार्यपद्धती यांना मिळून वैमानिककक्षाची किंवा कॉकपिटची सुरक्षा म्हणतात. विमानतळावरील झडती, कॉकपिटचा दरवाजा आणि दरवाजाच्या आतली माणसे असे तिचे तीन थर सांगता येतात. वैमानिकाजवळ बंदूक असावी की नसावी, हा वाद तिसऱ्या थरातला. झडतीचा विषय स्वतंत्र व मोठा असल्याने येथे तो अनुषंगानेच आला आहे.

उगम : विमान अपहरणाचा पहिला प्रसंग कोणता, याबद्दल एकमत नाही. जुन्या संदर्भग्रंथांत पेरू देशातील आरेकिपा येथील २१ फेब्रुवारी १९३१ ची घटना पहिली मानलेली आढळते. तेथे बंडखोरांनी बायरन रिकर्ड्‌स या अमेरिकी वैमानिकाला विमानासह अडवून धरले होते. पण विमान जमिनीवर उभे होते. वैमानिककक्षाच्या दृष्टीने पाहिल्यास १६ जुलै १९४८ ची ‘मिस मकाव’ची घटना आरंभबिंदू धरणे अधिक सयुक्तिक ठरते. कॅथे पॅसिफिकचे हे कॅटलिना जातीचे विमान मकावहून हाँगकाँगला निघाले होते. लुटारूंनी उडत्या विमानात वैमानिकाला जागा सोडायला सांगितले, झटापट झाली, वैमानिकाला गोळी लागली आणि विमान समुद्रात कोसळले. विमानातील २६ जणांपैकी एकच वाचला, तोही लुटारूंच्या टोळीतला. खटला मकावने चालवायचा की हाँगकाँगने, याचा निकाल न लागल्याने तो पुढे सुटला.

वैमानिकाजवळच्या पिस्तुलाचा इतिहास अपहरणांपेक्षा जुना असून तो टपालाशी जोडलेला आहे. अमेरिकेत टपाल वाहणाऱ्या विमानांचे वैमानिक पिस्तूल बाळगीत, असे सामान्यतः मानले जाते. हे सक्तीचे होते, असे वैमानिकांच्या बाजूने झालेल्या लेखनात ठासून सांगितलेले असते. इतर लेखक ‘मुभा होती’ एवढेच म्हणतात. या प्रथेचा सर्वांत ठळक पुरावा जुलै १९५४ मधील क्लीव्हलंड विमानतळावरचा आहे. एक किशोरवयीन मुलगा पिस्तूल घेऊन उभ्या असलेल्या डीसी-६ विमानाच्या कॉकपिटमध्ये शिरला आणि कॅप्टनने स्वतःजवळच्या पिस्तुलाने त्याला गोळी घातली. मुलगा मरण पावला. त्याचे पिस्तूल रिकामे होते, असे नंतरच्या वृत्तांतांत येते. काही वृत्तांत ते निकामी होते म्हणतात. सशस्त्र वैमानिकाच्या समर्थनार्थ ही घटना वारंवार सांगितली जाते, विरोधकही तिचाच आधार घेतात.

दरवाजाला कुलूप लावण्याच्या अमेरिकी नियमाचा उगम ७ मे १९६४ च्या अपघातात सांगण्याचा प्रघात आहे. त्या दिवशी पॅसिफिक एअर लाइन्सच्या उड्डाण क्रमांक ७७३ मध्ये एका प्रवाशाने दोन्ही वैमानिकांना गोळ्या घातल्या आणि विमानातील सर्व ४४ जण मृत्युमुखी पडले. मात्र हा कार्यकारणसंबंध पूर्णपणे बरोबर नाही. उड्डाणात दरवाजा बंद व कुलूपबंद ठेवण्याची नियमदुरुस्ती अपघातापूर्वीच संमत झाली होती. ती लागू होण्याची तारीख ६ ऑगस्ट १९६४ असल्याने दोन्ही गोष्टी एकमेकींना चिकटल्या. याच दुरुस्तीत एफ-२७ सारख्या काही विमानांना उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळेपुरती सूट होती, कारण त्यांत प्रवाशांचा संकटकालीन मार्ग कॉकपिटच्या दरवाजातून जात असे. दरवाजा आत येऊ पाहणाऱ्याला अडवतो तसाच बाहेर पडू पाहणाऱ्यालाही अडवतो, ही अडचण तेव्हापासूनची आहे.

दरवाजा : ११ सप्टेंबर २००१ पर्यंत कॉकपिटचा दरवाजा पातळ पत्र्याचा किंवा तत्सम हलक्या पदार्थाचा असे, जोराची लाथ त्याला पुरे. अमेरिकेने ९ एप्रिल २००३ पर्यंत मजबूत दरवाजे बसविण्याची मुदत दिली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने (आयकाओ) १ नोव्हेंबर २००३ पासून ६० हून अधिक आसनांच्या किंवा ४५,५०० किग्रॅ.हून अधिक उड्डाणभाराच्या प्रवासी विमानांना असा दरवाजा बंधनकारक केला.

अमेरिकी मानकानुसार दरवाजाने ३०० जूल ऊर्जेचा आघात आणि मुठीला लावलेली १,११३ न्यूटनची ओढ सोसली पाहिजे. गोळीच्या चाचणीत ९ मिमी.ची ८ ग्रॅम वजनाची आणि पॉइंट ४४ मॅग्नमची १५.६ ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला ४३६ मी. वेगाने झाडतात. म्हणजे दरवाजा पिस्तुलासाठी बनविलेला आहे, रायफलीसाठी नव्हे. जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या आयुध निर्माणीत तयार होणाऱ्या ५.५६ मिमी. काडतुसाची गोळी याच्या सुमारे दुप्पट वेगाने नळीबाहेर पडते. ती अडविणे हे विमानतळावरील झडतीचे काम आहे.

कडी विजेवर चालते. एअरबस विमानांत वैमानिकांजवळ तीन स्थितींचा खटका असतो व बाहेर अंकफलक. आतून प्रतिसाद मिळाला नाही, तर केबिन कर्मचारी संकटकालीन संकेतांक दाबतात. आत घंटी वाजते आणि ठरावीक सेकंदांनंतर दरवाजा थोडा वेळ उघडतो. मात्र आतल्या माणसाने खटका ‘लॉक’वर नेला की अंकफलक काही मिनिटे निरुपयोगी होतो. कॉकपिटमधील हवेचा दाब एकाएकी उतरला तर कडी आपोआप सुटावी, अशीही सोय असते. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जच्या उड्डाण क्रमांक ९५२५ मध्ये सहवैमानिकाने बाहेर गेलेल्या कॅप्टनसाठी दरवाजा उघडला नाही व विमान आल्प्स पर्वतात उतरवून आदळले. १५० जण दगावले. त्यानंतर कॉकपिटमध्ये कायम दोन माणसे असावीत, ही पद्धत अनेक देशांत आली. युरोपात ती पुढच्याच वर्षी शिथिल झाली.

सशस्त्र वैमानिक : अमेरिकी काँग्रेसने नोव्हेंबर २००२ च्या गृहसुरक्षा कायद्यातच वैमानिकांना शस्त्र देण्याची तरतूद केली. या योजनेतील वैमानिकांना ‘फेडरल फ्लाइट डेक ऑफिसर’ म्हणतात. एप्रिल २००३ मध्ये ४४ जणांची पहिली तुकडी बाहेर पडली. वर्षाअखेरीस मालवाहू विमानांच्या वैमानिकांनाही ती खुली झाली. योजना ऐच्छिक असून प्रशिक्षण सुमारे आठवडाभराचे आहे. अधिकार फक्त दरवाजाच्या आत चालतो. केबिनमध्ये काहीही घडो, वैमानिकाने बाहेर यायचे नाही. ही मर्यादा लक्षात घेतली की वादातला बराचसा आवेश ओसरतो, कारण दरवाजा टिकला तर बंदूक लागत नाही, आणि तुटला तर समोर दीड-दोन हातांचे अंतर व एखादा सेकंद उरतो.

गोळीने भगदाड पडून विमान फुटेल, ही भीती लोकप्रिय असली तरी तांत्रिक दृष्ट्या कमकुवत आहे. विमानात हवा सतत आत ढकलली जात असते व मागील झडपेतून बाहेर सोडली जाते. बोटाएवढ्या छिद्रातून निसटणारी हवा झडप किंचित मिटून भरून निघते. खिडकी निखळणे निराळे, आणि उपकरणफलकामागील तारा तुटणे त्याहूनही निराळे. कॉकपिटमध्ये खरा धोका या शेवटच्या गोष्टीचा आहे. २२ मार्च २००८ रोजी डेन्व्हरहून शार्लटला उतरू लागलेल्या विमानात कॅप्टनचे पिस्तूल चुकून उडाले. गोळी कॉकपिटच्या बाजूने बाहेर गेली, विमान सुखरूप उतरले. कारण क्षुल्लक होते. नियमानुसार पिस्तूल म्यानासकट कुलूपबंद ठेवावे लागे व कुलपाची कडी घोड्याजवळच्या भोकातून ओवली जाई. पिस्तूल म्यानात नीट बसले नसेल तर तीच कडी घोडा दाबी. बंदूक सुरक्षित करण्यासाठी तिला दिवसातून अनेकदा हाताळणे भाग पडत होते, हा या योजनेवरचा सर्वांत वजनदार आक्षेप म्हणता येईल.

सोव्हिएट संघाचे उदाहरण इंग्रजी लेखनात क्वचित येते. ऑक्टोबर १९७० मध्ये बाटुमीहून निघालेले एएन-२४ विमान पळविताना हवाई सेविका नादेझ्दा कुर्चेंको मारली गेली. त्यानंतर तेथे वैमानिकांना पिस्तुले देण्यात आली. नोव्हेंबर १९८३ मध्ये जॉर्जियातील अपहरणात कॉकपिटमधून गोळीबार झाला व अपहरणकर्ते मागे हटले, तरी विमान कर्मचाऱ्यांचेही जीव गेले.

भारत : भारतात वैमानिकांना शस्त्र देण्याची तरतूद नाही. विमान नियम, १९३७ मधील आठव्या नियमानुसार केंद्र सरकारच्या परवानगीवाचून विमानात शस्त्र नेता येत नाही. ३० जानेवारी १९७१ रोजी लाहोरला नेलेले इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे फॉकर एफ-२७ विमान खोट्या पिस्तुलाच्या व हातबाँबच्या धाकावर पळविले गेले. डिसेंबर १९७८ मध्ये वाराणसीला नेलेल्या विमानातही शस्त्रे खेळण्यातलीच निघाली. क्लीव्हलंडच्या घटनेशेजारी ही दोन्ही ठेवून पाहिली, तर सशस्त्र वैमानिकाने अशा वेळी काय करावे, याचे उत्तर सोपे राहत नाही. डिसेंबर १९९९ मधील कंदाहार प्रकरणानंतर राष्ट्रीय सुरक्षा दलाचे साध्या वेशातील स्काय मार्शल निवडक उड्डाणांवर जाऊ लागले. अपहरणविरोधी कायदा २०१६ मध्ये नव्याने झाला. ओलीस वा सुरक्षा कर्मचारी मरण पावल्यास त्यात मृत्युदंड आहे. दरवाजा असूनही शिस्त सुटते ती आतूनच: २०२३ मध्ये दुबई–दिल्ली उड्डाणात वैमानिकाने ओळखीच्या व्यक्तीला कॉकपिटमध्ये बसविल्याबद्दल नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमान कंपनीला ३० लाख रुपये दंड केला.

खानदेश : धुळे, नंदुरबार व जळगाव या तीन जिल्ह्यांत नियमित प्रवासी वाहतूक असलेला विमानतळ जळगावचाच. धुळ्यालगत गोंदूर येथे व शिरपूर येथे धावपट्ट्या असून तेथे वैमानिक प्रशिक्षण चालते. शिकाऊ विमानात वैमानिककक्ष व केबिन असा भेदच नसतो. त्यामुळे खानदेशात उडायला शिकलेल्या मुलामुलींची कॉकपिटच्या दरवाजाशी गाठ पडते ती थेट कंपनीत, मोठ्या विमानाच्या प्रशिक्षणात.

जळगावला आलेली विमाने मात्र या विषयाच्या अभ्यासकाला उपयोगी आहेत, कारण ६० आसनांची रेषा त्यांच्यामधून जाते. डिसेंबर २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेखाली मुंबई–जळगाव सेवा सुरू झाली ती एअर डेक्कनच्या बीचक्राफ्ट १९००डी विमानाने. अठरा आसनांचे हे विमान. पुढच्या ओळीतल्या प्रवाशाला वैमानिकांच्या पाठी व समोरची धावपट्टी दिसावी इतके आटोपशीर. मजबूत दरवाजाचा नियम त्याला लागू नाही. ८ फेब्रुवारी २००८ रोजी न्यूझीलंडमध्ये ब्लेनमहून क्राइस्टचर्चला जाणाऱ्या अशाच लहान, १९ आसनी विमानात एका प्रवाशाने दोन्ही वैमानिकांना सुऱ्याने जखमी केले होते. तेथे लहान विमानांच्या प्रवाशांची झडती होत नसे. भारतात नियमित सेवेच्या प्रत्येक प्रवाशाची झडती होते, हा महत्त्वाचा फरक आहे.

२०१९ पासून काही काळ व पुन्हा २०२४ पासून जळगावला एटीआर ७२ विमाने येऊ लागली. भार जेमतेम २३ टन, पण आसने ७० च्या आसपास, म्हणून दरवाजा सक्तीचा. या विमानात प्रवासी शेपटीकडून चढतात. प्रवासी व कॉकपिट यांच्यामध्ये सामानाची खोली असते, तर शौचालय बहुधा अगदी मागे. त्यामुळे पुढच्या भागात प्रवाशाला जाण्याचे काही कारणच उरत नाही, आणि जेट विमानांत शौचालयाशेजारच्या कॉकपिटच्या दारावर चुकून हात पडण्याचे जे प्रकार होतात त्यांना येथे फारसा वाव नाही. उलट वैमानिकाला मात्र संपूर्ण केबिन ओलांडून जावे लागते. दरवाजा उघडा असतानाचे हे काही क्षण झाकण्यासाठी अमेरिकेने २०२३ मध्ये नव्या मोठ्या विमानांना दुसरा, जाळीवजा अडसर बंधनकारक करण्याचा नियम केला. ६० हून कमी आसनांच्या विमानांसाठी आयकाओची भाषा अजूनही ‘व्यवहार्य असेल तेथे’ अशा शिफारशीचीच आहे.