मीटर 'एक' दाखवतो म्हणून वायर चांगली? मल्टिमीटर आणि मेगर

पावसाळा लागला की देवगड-मालवण पट्ट्यातून मला रात्री आठनंतर फोन येतात. तक्रार ठरलेली: गडग्यावरचे, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीवरचे, दिवे लावले की आरसीसीबी (करंट अर्थला गळला की वीज तोडणारा स्विच) पडते आणि अख्खं घर अंधारात. आधी येऊन गेलेल्या वायरमनचं निदानही ठरलेलं: "वायर बरी आसा, मीटर एक दाखवता." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

मल्टिमीटर तुम्हाला माहीत आहे. तुटलेली तार, सुटलेला स्क्रू, उडालेला फ्यूज शोधायला झकास. मेगर वेगळा: वायरचं इन्सुलेशन कितपत टिकून आहे ते तो मोजतो. मल्टिमीटरला आकडा शून्याजवळ हवा, मेगरला मोठा हवा, एवढं सगळ्यांना पाठ असतं.  

घोळ आहे त्या 'एक'मध्ये. डाव्या कोपऱ्यात उभा राहणारा तो १, नव्या मीटरवर ओएल, एवढंच सांगतो की लावलेल्या रेंजच्या पलीकडचं मला दिसत नाही. वायरमन मीटरची खुंटी ठेवतो बझरवर, म्हणजे तार सलग असली की वाजणाऱ्या रेंजवर. बझर साधारण पन्नासेक ओहमच्या वर गेलं की गप्प. २०० ओहमच्या रेंजवर दहा हजार ओहमची गळतीसुद्धा 'एक'च दिसणार. आता आरसीसीबीचा हिशोब बघा. ती ३० मिलिअँपिअरची, म्हणजे एवढा करंट गळला की पडणारी. २३० ला ०.०३ ने भागा, साडेसात हजार ओहमच्या थोडं वर येतं. त्यात ३० ची आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकते, म्हणजे पंधरा हजार ओहमची वाटही तिला पुरते. बझरला यातलं काहीच दिसत नाही.

मग रेंज २० मेगओहमवर (एक मेगओहम म्हणजे दहा लाख ओहम) नेली तर? न्या, आधीपेक्षा बरं. पण मीटर स्वतःच्या बॅटरीतून दोन-चार व्होल्ट सोडून मोजतो, आणि तुमच्या वायरमधले २३० व्होल्ट दर फेऱ्यात शिखरावर सव्वातीनशेला टेकतात. खाऱ्या हवेने ओलसर झालेला जोड दोन व्होल्टला अडवून धरतो, तीनशेला वाट देतो. साकवावरून मांजर गेलं म्हणून बैलगाडी जाईलच असं कोण म्हणेल? मेगर ५०० व्होल्ट डीसी लावतो. घरगुती वायरिंगला त्या दाबाखाली किमान १ मेगओहम हवाच. नव्या वायरला शेकड्यांत येतो.

गेल्या श्रावणात एका घरी गडग्यावर चार दिवे होते. मल्टिमीटर मोठ्या रेंजवर ६ मेगओहम दाखवत होता, मेगर मारला तर ०.०१. म्हणजे दहा हजार ओहम. मधला जोड सोडून केबलचे दोन तुकडे केले, बेड्याकडचा (फाटकाकडचा) तुकडा खराब निघाला. तिसऱ्या दिव्याच्या पेटीत काळी टेप गुंडाळलेला जोड, आत तांबं हिरवं पडलेलं आणि चमचाभर पाणी. बाहेरच्या जोडाला नुसती टेप लावणाऱ्याला मी वायरमन म्हणत नाही.

मेगर हाती आला तरी लोक तिथेही फसतात. मेन बंद करायचा, सप्लाय नाही ना हे टेस्टरवर न विसंबता मीटरने बघायचं, आणि मग फेजबरोबर न्यूट्रलही बोर्डातून काढायचा. हे विसरतात, कारण सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते. न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी अर्थला जोडलेला असतो, त्यामुळे मेननेही तो तोडला नसेल तर मेगर शून्य दाखवतो आणि चांगली केबल उखडली जाते. एलईडी दिवेही सोडून ठेवा: ड्रायव्हरमधल्या सर्ज रोखणाऱ्या भागामुळे आकडा खाली येतो, आणि फेज-न्यूट्रलमध्ये ५०० व्होल्ट घातलेत तर ड्रायव्हरच जायचा. फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून अर्थशी मोजा. आकडा हळूहळू चढत असेल तर घाबरू नका, लांब केबल चार्ज होतेय; नंतर ती डिस्चार्ज करायला मात्र विसरू नका, झटका बसतो.

दिवे बंद असतानाही आरसीसीबी पडत असेल तर आधी न्यूट्रल-अर्थ तपासा. स्विच फेज तोडतो, न्यूट्रल तसाच राहतो, आणि घरात दुसरीकडे गीझर लावला की त्याचा थोडा करंट त्या ओल्या जोडातून अर्थला पळतो.

आणि मोजायचं केव्हा? मे महिन्यातल्या दुपारी घेतलेला आकडा कुणाच्या उपयोगाचा नाही. त्या घरी मी नवी जेल भरलेली पेटी बसवली, केबल वरून न आणता खालून वळसा देऊन आत घेतली, म्हणजे पाणी वळशातून गळून जातं. मेगर मारला तो दोन दिवसांनी, पाऊस पडत असताना, छत्री धरून. ४० मेगओहम. त्याच्या आधीचा कुठलाच आकडा मी वहीत लिहिला नाही.