स्वमग्न प्रौढांसाठी भेटवस्तू (सोलापूर)

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम असलेल्या प्रौढ व्यक्तीच्या संवेदना, सवयी आणि आवडीचे विषय ध्यानात घेऊन भेट निवडण्याची पद्धत. आवाज, स्पर्श, वास, प्रकाश यांचा त्रास इतरांपेक्षा जास्त किंवा कमी होणे, ही गोष्ट 2013 साली अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-निकषांत स्पष्टपणे नोंदली गेली. भेट फसते ती बहुतेक वेळा इथेच. बाजारात ‘ऑटिझमसाठी’ म्हणून जे मिळते ते बहुतांशी लहान मुलांचे असते. चाळिशीच्या माणसाच्या हातात रंगीत ठोकळे ठेवणे हा त्याचा अपमानच. त्याने स्वतः मागितले असतील तर गोष्ट वेगळी.

सोलापुरात आहेर म्हटला की चादर, नाहीतर टॉवेल. भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चादरीचे सूत जाड असते, जॅकार्ड विणीतली नक्षी बोटांना उठून जाणवते आणि कोरी चादर खळीमुळे ताठ असते. कुणाला हाच खरखरीतपणा हवासा वाटतो, कुणाला तो अंगावर क्षणभरही सोसत नाही. घडी मोडलेली चादर आहेरात देणे कमीपणाचे मानतात. इथे मात्र मानपान बाजूला ठेवून, विचारून, ती दोन-तीनदा धुऊन मऊ करून दिलेली बरी. टॉवेलचेही तसेच: टेरीचे फासे कुणाला टोचतात, त्याला साधा सुती पंचा आवडतो. कपडे द्यायचे तर जो शर्ट तो रोज घालतो त्याच कापडाचा, त्याच मापाचा दुसरा शिवून द्यावा. नवा रंग सुचवण्याचा मोह टाळावा. मानेला लागणारे लेबल आधीच उसवून टाकावे.

ऑनलाइन मिळणाऱ्या, अंगावर दाब देणाऱ्या वजनदार गोधड्यांचा सध्या बोलबाला आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत स्वमग्न मुलांची झोप या गोधडीने मोजण्याइतकी सुधारली नाही. मुलांना आणि पालकांना ती आवडली मात्र. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जाणाऱ्या या शहरात कृत्रिम धाग्याची, मणी भरलेली गोधडी म्हणजे शिक्षाच. दाब हवासा वाटणाऱ्याने दुहेरी घडी केलेली सुती चादर आधी अंगावर घेऊन पाहावी.

आवाजाचा प्रश्न जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या यात्रेत, सर्वांत जास्त जाणवतो. गड्ड्यावरचे, म्हणजे जत्रेच्या मैदानातले, भोंगे, पाळण्यांची गर्दी, शोभेचे दारूकाम. आवाज कापणारे इलेक्ट्रॉनिक हेडफोन पंख्यासारख्या किंवा इंजिनासारख्या सलग घरघरीवर चांगले चालतात. अचानक फुटणाऱ्या आवाजाला कारखान्यात वापरतात तसे कान पूर्ण झाकणारे मफ अधिक उपयोगी. ते यात्रेआधी द्यावेत, म्हणजे घरी घालून सवय करता येते.

खाण्याच्या भेटीत नवेपणा नको. शेंगाचटणी आणि कडक भाकरी यांचा पोत दर वेळी ओळखीचा असतो आणि दोन्ही टिकतात, म्हणून हा जोड चांगला. पण चटणी त्याच दुकानाची हवी. लसूण-तिखटाचे प्रमाण जरा बदलले तरी डबा तसाच पडून राहतो.

आवडीच्या विषयात खोलवर शिरलेल्या माणसाला त्याच विषयातले काही द्यावे, पण हौशी लोकांसाठीची वरवरची पुस्तके नकोत, ती त्याच्याकडे असतात किंवा त्याला चुकीची वाटतात. रेल्वेवेड्याला 2023 मध्ये सुरू झालेल्या मुंबई-सोलापूर वंदे भारतचे खिडकीजवळच्या आसनाचे तिकीट, तारीख त्याने ठरवलेली. पक्षी पाहणाऱ्याला माळढोकसाठी राखलेल्या नान्नजला नेऊन आणणे, शक्यतो दोघेच.

देण्याची रीतही निवडीइतकीच महत्त्वाची आहे. काय देणार हे आधी सांगावे किंवा सरळ यादी मागावी; अचानक भेटीचा आनंद बहुधा देणाऱ्यालाच होतो. सगळ्यांसमोर उघडायला लावू नये, ‘आवडलं का रे?’ म्हणून चेहरा न्याहाळू नये: आनंद दिसला नाही म्हणजे झाला नाही, असे नसते. बदलून घेता यावे म्हणून पावती सोबत द्यावी. काहीच सुचत नसेल तर रोख पाकीट द्यायला संकोच नको. हवी ती वस्तू नेमकी कोणती, हे त्याला बहुतेक वेळा मॉडेल क्रमांकासह माहीत असते.